अंधाऱ्या खोल्या आणि लपवलेली दारं: इंग्लिश कंट्री हाऊस कसं बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही रेडिंगला राहता. आई-बाबा सांगलीहून आले आहेत. त्यांना मोठ्या हौसेने एक कंट्री हाऊस, म्हणजे इथल्या सरदार-जमीनदारांचं खेड्यातलं मोठं घर, दाखवायला नेलंत आणि तासाभरात सगळे बाहेर आलात. खोल्या अंधाऱ्या, पडदे ओढलेले, दोरीपलीकडे जायला बंदी, आणि पाच-सहा खोल्यांनंतर सगळं सारखंच दिसायला लागलं. आईंनी विचारलं, ‘एवढ्या मोठ्या खिडक्या आहेत, मग उजेड का येऊ देत नाहीत?’ बाबांनी विचारलं, ‘हा सगळा पैसा आपल्याकडूनच नेलेला ना?’ आता तुम्हाला आणखी एक-दोन घरं दाखवायची आहेत. कुठली निवडावीत आणि आत गेल्यावर नेमकं काय बघावं, हे तुम्ही विचारलंय.

मी इथल्या जुन्या घरांतलं कापड, गालिचे आणि फर्निचर यांच्या जतनाचं काम बरीच वर्षं करते आहे. म्हणजे माझा बहुतेक वेळ दोरीच्या पलीकडच्या बाजूला जातो. तिथून जे दिसतं ते सांगते.

माझ्या मते अडचण घराच्या निवडीत नव्हती. एखादं संग्रहालय बघावं तसं तुम्ही ते घर बघितलंत. एक वस्तू, तिची पाटी, मग पुढची वस्तू. असं बघितलं तर कुठलंही कंट्री हाऊस पाचव्या खोलीपाशी कंटाळवाणं होतं, कारण पूर्वजांची पोर्ट्रेट, चिनी मातीच्या बरण्या आणि सोनेरी मुलाम्याच्या खुर्च्या सगळीकडेच असतात. ही घरं वस्तू मांडायला बांधलेली नाहीत. कोणी कुठल्या दाराने यायचं, कुठपर्यंत यायचं, त्याला वाटेत काय दिसू द्यायचं आणि कोण अजिबात दिसता कामा नये, हे ठरवण्यासाठी बांधलेली आहेत. आपल्याकडच्या वाड्यात कोणी दिंडीतूनच परतायचं, कोणी सोप्यावर टेकायचं आणि कोणी माजघरापर्यंत यायचं हे ठरलेलं असे. बाबांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. फक्त तो इथेही आहे, एवढं आत शिरण्याआधी सांगा.

घराघरात फरक असतोच. १५९० मध्ये बांधलेलं घर, १७६० मधलं आणि १८७० मधलं, तिघांची मांडणी वेगळी. कुटुंब अजून तिथे राहतंय की घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टसारख्या संस्थेकडे आहे, यावरही काय दाखवतात ते ठरतं. तेव्हा खाली जे लिहितेय ते सगळं प्रत्येक घरात सापडेलच असं नाही.

आईंच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो फार चांगला प्रश्न आहे.

उजेडाने झालेलं नुकसान भरून काढता येत नाही, आणि ते साठत जातं. रेशीम, लोकर, वनस्पतीजन्य रंग, जलरंगातली चित्रं यांच्यावर पडलेला प्रत्येक तासाचा उजेड त्यांच्या खात्यावर कायमचा चढतो. उजेड लक्स या एककात मोजतात. उन्हाळ्यात स्वच्छ दुपारी बाहेर लाखभर लक्स उजेड असतो. नाजूक कापड असलेल्या खोलीत आम्ही तो ५० लक्सच्या आसपास ठेवतो. शिवाय वर्षाचा हिशेब वेगळा. अशा वस्तूवर वर्षभरात साधारण दीड लाख लक्स-तासांपेक्षा जास्त उजेड पडू द्यायचा नाही. ५० लक्स धरले तर ते ३००० तास होतात. एखाद्या दुपारी ब्लाइंड हातभर वर राहिलं तर त्यातले कितीतरी तास एका दिवसात खर्ची पडतात. म्हणून घर उघडण्याआधी खोलीखोलीतून मीटर घेऊन फिरायचं, ऊन जसं सरकेल तसे ब्लाइंड खाली-वर करायचे आणि लोक गेले की लाकडी झडपा घट्ट लावायच्या. काचांवर अतिनील किरण अडवणारी फिल्म असते, ती तुम्हाला दिसत नाही.

पुढच्या वेळी एक गोष्ट शोधा. एखाद्या कपाटावर किंवा पलंगाच्या पायथ्याशी, सहसा लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, एक छोटं कार्ड ठेवलेलं दिसेल. त्यावर निळ्या लोकरीच्या पट्ट्या असतात आणि त्यांचा अर्धा भाग झाकलेला असतो. काही महिन्यांनी झाकण काढून दोन्ही निळे शेजारी शेजारी बघितले, की त्या खोलीने किती उजेड खाल्ला ते कळतं. ज्या खोलीत लोक चाचपडत चालतात आणि ‘किती हा अंधार’ म्हणतात, तिथेही उघडा निळा फिकटलेला असतो. तो फरक बघितला की पडदे ओढायला हात आपोआप पुढे होतो.

हे आजच्या संस्थांचं खूळ नाही. केंटमधल्या सुसाना व्हॉटमन या गृहस्वामिनीने १७७६ मध्ये मोलकरणींसाठी सूचना लिहून ठेवल्या होत्या. कुठल्या खोलीत ऊन केव्हा येतं आणि त्या वेळी कुठले पडदे ओढायचे, हे त्यात बारकाईने सांगितलंय. कुटुंब लंडनला गेलं की खुर्च्यांवर खोळी, झुंबरांवर पिशव्या, गालिचे गुंडाळलेले आणि झडपा बंद. वर्षातले कित्येक महिने ही घरं अशीच मिटलेली असत. आपल्यापर्यंत जे पोचलंय ते या सवयीमुळे.

त्याचा सगळ्यात मोठा पुरावा डर्बिशरमधल्या कॅल्क ॲबी या घरात आहे. १९८५ मध्ये हे घर नॅशनल ट्रस्टकडे आलं, तेव्हा पेट्यांमध्ये बांधून ठेवलेला एक राजेशाही पलंग मिळाला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, भरतकाम केलेल्या चिनी रेशमाच्या पडद्यांचा. तो कधी धड उभाच केला गेला नव्हता, त्यामुळे रेशमाला ऊन माहीतच नव्हतं. आज तो काचेमागे मंद उजेडात उभा आहे. त्याचे निळे आणि पांढरे रंग बघितले की बाकीच्या सगळ्या घरांतले पलंग मूळचे कसे दिसत असतील, याची कल्पना येते. त्या काळची माणसं फिकट, धुरकट रंगांत राहत होती, असं आपण उगीच समजतो. त्यांची आवड चांगलीच भडक होती.

भिंतींवरच्या टॅपेस्ट्री, म्हणजे चित्रं विणलेले जाड पडदे, बघतानाही हे लक्षात ठेवा. जुन्या टॅपेस्ट्रीत झाडं निळी दिसतात. विणणाऱ्याने ती हिरवीच विणली होती. आधी पिवळा आणि त्यावर निळा असे दोन रंग देऊन हिरवा साधायचे. पिवळा वनस्पतीचा, तो उजेडात उडाला; निळा टिकाऊ, तो राहिला. टॅपेस्ट्री दुरुस्तीला खाली उतरवून उलटी केली, की मागे तीच पानं अजून हिरवीगार असतात. हे पहिल्यांदा बघणारं माणूस गप्पच होतं.

तर आईंना दोन युक्त्या सांगा. बाहेरच्या उन्हातून थेट अंधाऱ्या खोलीत गेलं की पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. डोळे निवेपर्यंत दालनातच थांबा, घाई करू नका. आणि खोलीत गेल्यावर खिडकीकडे पाठ करून उभं राहा. खिडकीकडे तोंड असेल तर डोळे त्या उजेडाला सरावतात आणि खोली आणखी काळी दिसते.

घर गारठलेलं का असतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आईंनी नक्की विचारलं असेल. आतली हवा तापमान बघून नाही, आर्द्रता बघून राखली जाते. सापेक्ष आर्द्रता ५० ते ६५ टक्क्यांच्या आसपास राहावी एवढंच हीटिंग चालतं. त्याखाली गेली तर लाकडी जडावकाम तडकतं, वर गेली तर बुरशी आणि कसर. माणसाला ऊब मिळावी हा त्यात हेतूच नसतो. शाल बरोबर ठेवा.

आता मुख्य गोष्ट, वाट.

ती सगळ्यात ठसठशीत कळते डर्बिशरमधल्याच हार्डविक हॉलमध्ये. बेस ऑफ हार्डविक ही चार लग्नं करून दर वेळी अधिक श्रीमंत झालेली बाई. शेवटचा नवरा, श्रूजबरीचा अर्ल, १५९० मध्ये वारला आणि तिने त्याच वर्षी हे घर बांधायला घेतलं. १५९७ मध्ये ती राहायला गेली. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. घराला सहा मनोरे आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दगडात कोरलेली तिची आद्याक्षरं, मुकुटासकट, कित्येक मैलांवरून दिसतील अशी. बाहेर उभं राहून खिडक्या बघा. तळमजल्याच्या बुटक्या, मधल्या मजल्याच्या त्याहून उंच आणि सगळ्यात वरच्या मजल्याच्या सर्वांत उंच. काच तेव्हा फार महाग होती. तळमजला नोकरचाकरांचा, मधला बेसच्या रोजच्या राहण्याचा आणि वरचा मानाच्या पाहुण्यांचा. कोणाचा मान किती, हे फाटकातूनच वाचता येतं.

आत गेल्यावर एक रुंद दगडी जिना वळणं घेत वर जातो. भराभर चढून जाऊ नका. मेजवानीचं ताट याच जिन्याने खालच्या स्वयंपाकघरातून मिरवणुकीने वर जायचं. निमंत्रित माणूस याच पायऱ्या चढत, एकेक दार ओलांडत वरच्या हाय ग्रेट चेंबरमध्ये पोचायचा. तिथे रंगवलेल्या गिलाव्याचा भलामोठा पट्टा आहे, जंगल, हरणं आणि मध्ये डायना देवी. त्यापलीकडे जवळजवळ ५० मीटर लांबीची लाँग गॅलरी. तिथपर्यंत येऊ दिलं जाणं हाच सन्मान होता.

त्या गॅलरीत बायबलमधल्या गिडियनच्या कथेच्या १३ टॅपेस्ट्री आहेत. त्यांची एक गंमत मला फार आवडते. बेसने त्या १५९२ मध्ये सर ख्रिस्तोफर हॅटनच्या वारसाकडून जुन्याच विकत घेतल्या. हॅटनचं कुलचिन्ह त्यांत विणलेलं होतं. ते झाकून आपलं लावायचा खर्च येणार म्हणून तिने किमतीतून ५ पौंड कापून घेतले आणि त्यावर आपलं चिन्ह रंगवलेले तुकडे लावले. इंग्लंडमधली राणीनंतरची सर्वांत श्रीमंत बाई, आणि सवलत सोडली नाही. या १३ टॅपेस्ट्रींची सफाई आणि दुरुस्ती एकेक करून चालली आणि २०२३ मध्ये, २४ वर्षांनी, पूर्ण झाली. इतका वेळ का लागतो, असं लोक विचारतात. एका टॅपेस्ट्रीत जिथे जिथे धागा विरलाय, तिथे मागे कापडाचा आधार देऊन बारीक टाके घालत जावं लागतं. त्यात घाई करता येत नाही.

पुढच्या शतकात हीच वाट आडवी झाली. मानाच्या खोल्या एका रांगेत, सगळी दारं एका रेषेत. पहिल्या दारातून शेवटच्या खिडकीपर्यंत नजर जाते, पण पाय प्रत्येकाच्या योग्यतेनुसार थांबतात. बाहेरच्या दालनात बरेच जण, बैठकीच्या खोलीत थोडे, शयनगृहात मोजके आणि त्यामागच्या छोट्या खासगी खोलीत अगदी जवळचे. शेवटची खोली सगळ्यात लहान असते आणि तिथे पोचणं सगळ्यात कठीण. चॅट्सवर्थला पहिल्या ड्यूकने राजा विल्यम आणि राणी मेरीसाठी अशी खोल्यांची रांग सजवली, पण ते दोघं कधी आलेच नाहीत. तुम्हाला ‘सगळ्या खोल्या सारख्याच’ वाटल्या, त्याचं कारण बहुधा असं, की हल्ली पर्यटकांना सोयीच्या क्रमाने फिरवतात, कधी उलट्या दिशेने, कधी मागच्या दाराने. दारातल्या स्वयंसेवकाला सरळ विचारा, ‘पाहुणा मुळात कुठून यायचा?’ मग त्या दिशेला तोंड करून उभे राहा. छत कसं चढत्या क्रमाने नक्षीदार होत जातं, ते तेव्हा दिसेल.

पाहुण्याची वाट सापडली की दुसरी वाट शोधा, नोकरांची. ती मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. भिंतीच्या कागदाची नक्षी आणि खालची लाकडी पट्टी दोन्ही अखंड ठेवून त्यातच कापलेलं दार असतं. बारीक फट आणि छोटी मूठ, एवढीच खूण. त्यामागे अरुंद, बिनरंगाचा जिना. कोळसा, गरम पाणी, शौचाची भांडी, सगळं त्या जिन्याने वर-खाली व्हायचं. स्वयंपाकघराकडच्या दाराला वास आणि आवाज अडवायला हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ठोकलेली असायची. ससेक्समधल्या पेटवर्थला तर नोकरांची आणि स्वयंपाकाची इमारतच वेगळी आहे, मुख्य घराला भुयाराने जोडलेली. कॅल्क ॲबीत माळी मालकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून बागेकडे जाणारा बोगदा आहे. तळघरात घंटांची रांग बघायला मिळाली तर वर तारा कुठे जातात ते बघा. प्रत्येक घंटेचा नाद वेगळा, म्हणजे पाटी न वाचताही कुठल्या खोलीतून बोलावणं आलं ते कळावं. मुलाम्याची खुर्ची कोणी बनवली, याहून ती रोज कोणी पुसली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. निदान माझ्या कामात मी त्या दुसऱ्या माणसाचीच वारस आहे.

म्हणजे आतापर्यंत दोन कामं झाली: पाहुण्याच्या वाटेने वर जाणं आणि नोकरांच्या वाटेने खाली येणं. तिसरी वाट घराबाहेरची, आणि ती खरं तर सगळ्यात आधी येते.

फाटकाजवळची लॉज हे घराचं पहिलं वाक्य. रखवालदाराचं कुटुंब तिथे राहायचं, चाकांचा आवाज आला की फाटक उघडायला धावायचं. बाहेरून देखण्या छोट्या देवळासारख्या दिसणाऱ्या या लॉजमध्ये आत बऱ्याचदा एक-दोन खोल्याच. समोरासमोर जोडी असेल तर एकाच कुटुंबाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विभागून राहायचं, कारण मालकाला समतोल हवा होता. सगळ्या लॉज मात्र फाटकाच्या नसतात. नॉर्थँप्टनशरमध्ये रशटनची त्रिकोणी लॉज जवळपास असाल तर चुकवू नका. कॅथलिक पंथासाठी तुरुंग भोगलेल्या सर थॉमस ट्रेशमने ती १५९३ ते १५९७ मध्ये बांधली. तीन भिंती, तीन मजले, प्रत्येक बाजूला तीन त्रिकोणी शिखरं, सगळं ख्रिस्ती ‘त्रिमूर्ती’च्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) श्रद्धेवर बेतलेलं. उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून त्याने ते दगडात मांडलं. आणि ही लॉज होती कोणासाठी, तर ससे राखणाऱ्यासाठी.

फाटकापासून घरापर्यंतचा रस्ता वळणावळणाचा असेल तर तो मुद्दाम. घर एकदा दिसावं, झाडीआड जावं, मग तळ्यापलीकडे पुन्हा दिसावं. तळंही बहुतेकदा ओढा अडवून केलेलं. लँसलॉट ‘केपेबिलिटी’ ब्राउन (१७१६–१७८३) याने इंग्लंडभर अशा जमिनी घडवल्या, आणि आज आपण त्यांना ‘निसर्ग’ समजून फोटो काढतो. हिरवळ थेट कुरणात मिसळलेली दिसते, पण गाई अंगणात येत नाहीत. मध्ये हा-हा असतो, एका बाजूने उभी भिंत आणि दुसरीकडून उतार असलेला चर, घरातून न दिसणारा. त्याच्या काठापर्यंत चालत जाऊन खाली वाकून बघा, बाबांना आवडेल. अशा नजाऱ्यासाठी कधी अख्खं गाव हलवलेलं असतं. केडलस्टनला तेच झालं. गाव गेलं, रस्ताही हलवला, जुनं चर्च तेवढं घराला चिकटून राहिलं.

आता बाबांचा प्रश्न. ‘सगळा पैसा आपला’ हे उत्तर सरसकट खरं नाही, आणि ‘त्याचा काही संबंध नाही’ हे त्याहून खोटं. काही घरं शतकानुशतकांच्या खंडाच्या उत्पन्नावर उभी आहेत, काही कोळशावर, काही हुंड्यावर. यॉर्कशरमधलं हेअरवुड हाऊस वेस्ट इंडिजमधल्या साखरेच्या आणि गुलामांच्या श्रमाच्या पैशावर. काही सरळ ईस्ट इंडिया कंपनीच्या कमाईवर. नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये आपल्या वास्तूंचा असा धांडोळा घेतला, त्यात ९३ ठिकाणांचा वसाहतवादाशी किंवा गुलामगिरीशी संबंध नोंदवला. त्यावरून इथे बराच गदारोळ झाला. माझं मत स्पष्ट आहे. घराचा छताचा गिलावा कोणी केला हे आपण सांगतो, तर त्याचे पैसे कुठून आले तेही सांगायला हवं. म्हणून प्रत्येक घरात दोन प्रश्न विचारा, कधी बांधलं आणि त्या वेळी मालकाचं उत्पन्न काय होतं.

मराठी माणसासाठी इथे एक अगदी थेट धागा आहे. चार्ल्स मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी. १७९० मध्ये टिपूविरुद्धचा तह त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांच्याशी केला. त्या पुणे दरबाराचं भव्य तैलचित्र थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलं. आज ते टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. मायदेशी परतलेल्या मॅलेटने १८०३ मध्ये विल्टशरमधलं विल्बरी हाऊस विकत घेतलं. ते खासगी आहे, बघता येत नाही. पण त्याच डॅनियलने ग्लॉस्टरशरमधल्या सेझिनकोट या घराच्या बागेच्या आखणीला हात लावला, आणि ते ठराविक दिवसांत बघता येतं. कंपनीतून श्रीमंत होऊन आलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने १८०५ च्या सुमारास बांधलेलं हे घर. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत अचानक तांब्याचा हिरवट कांदेघाट घुमट, बागेत पुलाच्या कठड्यावर नंदी आणि वर सूर्याचं छोटं देऊळ. आत मात्र पूर्ण युरोपियन. भारत बाहेर मिरवायचा, राहायचं मात्र इंग्रजी पद्धतीनेच, हे तिथे लख्ख दिसतं.

तुमच्यासाठी पहिलं घर मी बॅसिल्डन पार्क निवडेन. रेडिंगहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. बाबांच्या प्रश्नाला ते नेमकं उत्तर देतं. फ्रान्सिस साइक्स कंपनीचा मुर्शिदाबादच्या दरबारातला रेसिडेंट. १७७० मध्ये बंगालमध्ये भयानक दुष्काळ पडला, आणि १७७१ मध्ये साइक्सने इथे जमीनजुमला विकत घेतला. १७७६ पासून यॉर्कच्या जॉन कारने घर बांधलं, पण साइक्सच्या हयातीत आतलं काम पुरं झालंच नाही. पुढे दोन्ही महायुद्धांत सैन्य राहिलं. दोन युद्धांच्या मधल्या काळात काही सजावट उचकटून अमेरिकेत गेली आणि न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात बसवली गेली. १९५२ मध्ये लॉर्ड आणि लेडी इलिफ यांनी पडकं झालेलं हे घर घेतलं. लिंकनशरमधलं पँटन हॉल हे जॉन कारचंच दुसरं घर तेव्हा पाडायला काढलं होतं. तिथली दारं आणि शेकोट्या आणून त्यांनी इथे बसवल्या. माप जुळलं, कारण हात एकाच माणसाचा होता. त्या काळात मृत्यूकर आणि घटतं उत्पन्न यामुळे इंग्लंडमध्ये अशी शेकडो घरं पाडली गेली. १९७८ मध्ये बॅसिल्डन ट्रस्टकडे आलं. आतल्या अष्टकोनी दिवाणखान्यातून टेम्सच्या खोऱ्याकडे बघा आणि मग उंबरठ्यावरच्या त्या उसन्या दारांना नीट न्याहाळा.

सवड असेल आणि एक रात्र मुक्काम करणार असाल, तर दुसरं केडलस्टन. डर्बीच्या जवळ. रॉबर्ट ॲडमने इथे नॉटिंगहॅमशरच्या अलाबास्टरचे (संगमरवरासारखा दिसणारा मऊ दगड) २० खांब असलेलं मार्बल हॉल उभं केलं. कोलकात्याचं राजभवन (आता लोकभवन) बघितलं असेल तर बाहेरून ओळखीचं वाटेल. गव्हर्नर जनरल वेलस्लीने १७९९ ते १८०३ मध्ये ते बांधून घेतलं, तेव्हा केडलस्टनचाच आराखडा समोर होता. केडलस्टनला चार बाजूंना चार इमारती जोडायच्या होत्या, प्रत्यक्षात दोनच झाल्या; कोलकात्याला चारही झाल्या. आणि केडलस्टनमध्येच जन्मलेला जॉर्ज कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून कोलकात्याच्या त्या घरात राहायला गेला. इथे मात्र बाबांना सांगा, की केडलस्टन भारताच्या पैशावर बांधलेलं नाही. कर्झन घराणं जुनं जमीनदार. भारतातल्या वस्तू इथे आल्या त्या नंतर, व्हाइसरॉयच्या सामानातून.

त्या संग्रहात लेडी कर्झनचा मोरपिसांची नक्षी भरलेला पोशाख आहे, १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी तिने घातलेला. दिल्लीच्या जरदोजी कारागिरांनी त्याचं कापड भरलं, शिवला पॅरिसमध्ये. जरीचा चांदीचा धागा आता काळवंडलाय आणि आपल्याच वजनाने खालच्या कापडाला ओढतोय. पण प्रत्येक पिसाच्या डोळ्यात बसवलेली भुंग्याच्या पंखाची टिकली अजून पहिल्यासारखी हिरवी झळकते. तिच्या हिरव्यात रंगद्रव्य नाही. पृष्ठभागाच्या रचनेमुळे तो रंग दिसतो, म्हणून उजेडात उडत नाही. पोशाख मांडलेला असला तर खाली वाकून, तिरकस कोनातून बघा.

थोडं व्यवहाराचं. आईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय. या घरांत मानाच्या खोल्या बहुधा वरच असतात, हार्डविकला तर सगळ्यात वर. आधी फोन करून लिफ्ट आहे का, वाटेत बसायला खुर्च्या कुठे आहेत, हे विचारा. दोरी न लावलेल्या, बसायला ठेवलेल्या साध्या खुर्च्या असतात, स्वयंसेवक आनंदाने दाखवतात. पाठीवरची पिशवी पुढे घ्यायला सांगतात, त्याचा राग मानू नका. मागे वळताना तिचा धक्का लागूनच जास्त वस्तू पडतात. फ्लॅश नको. नोंदी करायच्या तर पेन्सिलने. एका दिवशी एकच घर करा, आणि त्यातही बाहेरच्या फाटकापासून सुरुवात करून तळघरातच शेवट करा. मधल्या चार खोल्या सुटल्या तरी चालतील.

आई-बाबांचा मुक्काम हिवाळ्यापर्यंत लांबणार असेल तर आणखी एक सांगते. बरीच घरं नोव्हेंबरनंतर काही महिने आतून बंद होतात किंवा मोजक्याच खोल्या उघडतात. त्या काळात वर्षाची साफसफाई चालते. काही घरं ती लोकांना बघू देतात, त्यांच्या वेबसाइटवर तारखा असतात. डुकराच्या केसांच्या ब्रशने कोरीव चौकटीतली धूळ हळूच उडवून, जाळी लावलेल्या नळीत ओढून घेताना आईंना बघता येईल. जवळ उभ्या असलेल्या बाईला किंवा बुवाला त्यांनी बेधडक प्रश्न विचारावेत. आमच्या कामात कोणी असे प्रश्न विचारले की आम्हाला फार बरं वाटतं.